तपासले, हात लावू नये

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून ध्वनिविषयक रोजनिशी. हेतू स्पष्ट आहे: २१ तारखेस, सकाळी अकरा वाजता, वाचनालयाच्या सभागृहात सौ.चा निवृत्ती समारंभ. एकतीस वर्षे तिने ग्रंथपाल म्हणून एकच वाक्य उच्चारले, 'हळू बोला', आणि तेही हळू. आता तिला दहा मिनिटे बोलायचे आहे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावे, एवढीच तिची इच्छा.
म्हणाली, अहो, एक साधा माईक भाड्याने आणा, झालं.
मी नुसता हसलो. ज्याने तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षे मोजमापशास्त्र शिकवले, त्याने भाड्याचा माईक आणावा?
खरेदी: माईक एक, त्याचा आवाज जुळवून स्पीकरकडे धाडणारा डीजे मिक्सर एक, पॉवर्ड स्पीकर दोन. पॉवर्ड म्हणजे ज्याच्या पोटातच आवाज वाढवणारा अँप्लिफायर असतो. सौ.ला हे सविस्तर समजावले. पंचवीस मिनिटे. ती भाजी निवडत होती, पण मान हलवत होती.

४ फेब्रुवारी
तपासणीसूची सिद्ध. मुद्दे त्रेचाळीस. पद्धत अशी: जो मुद्दा तपासून झाला, तेथे पिवळी चिठ्ठी डकवायची. 'तपासले. हात लावू नये.' खाली सही. म्हणजे तोच मुद्दा पुन्हा उकरण्याचा मोह होत नाही. निम्म्या संशोधनाचे वाटोळे या मोहापायी झाले आहे.
पहिल्याच दिवशी बारा मुद्दे निकाली. मुद्दा ४, स्पीकरची मागची बाजू: तार जाते ते भोक योग्य. शेजारी एक इवलासा खटका. कारखान्यातून आला तसाच आहे, कारखान्याला कळते. दोन्ही स्पीकरवर चिठ्ठी बरोबर खटक्यावर बसली. उत्तम. धूळही जाणार नाही.
माहितीपुस्तिकेची पहिली आठ पाने नवशिक्यांसाठी असतात. नवव्यापासून वाचली.

५ फेब्रुवारी, सायंकाळी ५
प्रथम ध्वनी! आवाज मोठा, परंतु फाटका. पत्र्यावर वाळू ओतावी तसा. चिंता नाही. यंत्र नवे आहे, अंग मोकळे व्हायला दोन दिवस लागणारच. नव्या बुटांचेही तसेच असते.

८ फेब्रुवारी, रविवार
अंग मोकळे झालेले नाही.
खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. म्हणाले, काय हो, सकाळपासून काय तळताय?
त्यांना बसवून आवाजाचे तीन पट्टे समजावले: खर्ज, मध्यम, तार, प्रत्येकास मिक्सरवर वेगळी कळ. मध्यमापर्यंत पोहोचलो तोच त्यांना कोर्टाचे काम आठवले. रविवारी!

१० फेब्रुवारी
दोष तारांत असल्याचे निश्चित. सर्व तारा बदलल्या.
दोष तारांत नव्हता. विजेत आहे. घरातील इतर उपकरणांचा उपद्रव टाळण्यासाठी फ्रिज सहा तास बंद ठेवला.
सौ. म्हणाली, दूध नासलं.
नोंद: दूध नासले, आवाज पूर्वीइतकाच नासका.

१३ फेब्रुवारी
दोष खोलीत. उघड्या भिंतींवरून ध्वनी उलटतो हे शास्त्र आहे. घरातील चारही गाद्या भिंतींना उभ्या केल्या. फरक पडला: माझी पाठ धरली.
सौ. गाद्यांकडे पाहून म्हणाली, आता वरचं छप्पर तेवढं काढायचं राहिलंय.
छताचा मुद्दा सूचीत नव्हता. सुचवण्याबद्दल तिचे आभार मानले.

१५ फेब्रुवारी
सौ.चा धाकटा भाऊ आला. लिफ्ट दुरुस्त करतो. शिक्षण बेताचे, हात बरा. कान तिरका करून ऐकले आणि म्हणाला, भाऊजी, लिफ्टमध्ये माणसं जास्त कोंबली की ती अशीच केकाटते. कुठंतरी माल जास्त चढतोय.
मिक्सरवरचे लाल दिवे पाहून म्हणाला, आधी हे हिरव्यावर आणा. मी लाल म्हणजे पूर्ण शक्ती असे समजावले. तरी त्याने आणले. आवाज लहान झाला, फाटका राहिला.
मग तो स्पीकरच्या मागे हात घालू लागला. मी चिठ्ठी दाखवली.
म्हणाला, खाली काय आहे?
म्हटले, तपासलेले आहे.
कुणी?
मी.
मग राहिलंच, असे म्हणून चहा पिऊन गेला. पद्धतशीर विचाराची सवय नसली की माणूस असा चटकन माघार घेतो.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
सौ.ची रंगीत तालीम. तिने भाषणाचा कागद काढला, माईक धरला. पहिले वाक्य खर्रर्र असे बाहेर पडले. पान फाडून पुस्तक परत करणाऱ्या वाचकाकडे ती ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने तिने आधी माईककडे आणि मग माझ्याकडे पाहिले. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.
म्हणाली, अजून तीन दिवस आहेत. तो भाड्याचा माईक...
म्हटले, मुद्दा ३९ पर्यंत आलो आहे. विश्वास ठेव.
म्हणाली, एकतीस वर्षं तेच करतेय.
कौतुक असावे.

२० फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. त्रेचाळीसही मुद्द्यांवर चिठ्ठी. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या दोष कोठेही शिल्लक नाही. जो खरखराट ऐकू येतो, तो ऐकणाऱ्याच्या सवयीचा प्रश्न होय.

२१ फेब्रुवारी, दुपारी २
सभागृह भरलेले. सौ. उठली. 'मित्रहो' म्हणाली आणि स्पीकरांनी ते तळून काढले. पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. वकील मागून ओरडले, तेल तापलं!
मी मिक्सरशी झुंजत होतो. तिसऱ्या वाक्याला तिने माईक टेबलावर ठेवला, दोन पावले पुढे आली आणि आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, एकतीस वर्षं मी तुम्हाला गप्प केलं. आज दहा मिनिटं गप्प बसा, मला बोलायचंय.
सभागृह हसले आणि गप्प बसले. पुढचे मला नीट ऐकता आले नाही. मी टेबलाखाली तारा हलवत होतो. वर आलो तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटची रांग सर्वांत जोरात.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
मेहुणा सामान घरी पोहोचवायला आला. जोडणी करून देतो म्हणाला. मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात त्याने नखाने पिवळी चिठ्ठी सोलली.
खाली खटका. एका बाजूला 'माईक', दुसऱ्या बाजूला 'लाइन'. होता 'माईक'वर.
तत्त्व अतिशय सुंदर आहे. नुसत्या माईकचा आवाज क्षीण असतो, म्हणून त्या बाजूला स्पीकर तो कितीतरी पट फुगवतो. मिक्सर आवाज आधीच फुगवून पाठवतो, म्हणून तो 'लाइन'वर हवा. फुगलेले पुन्हा फुगवले की फाटते. पुस्तिकेत पान दोन.
मेहुण्याने दोन्ही स्पीकरचे खटके सरकवले. खट. खट. गाणे लावले. बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला.
चिठ्ठी त्याने माझ्या हातात दिली. सही माझी होती.
मी म्हणणार होतो की उरलेल्या बेचाळीस शक्यता निर्विवादपणे बाद केल्यामुळेच हे शक्य झाले. पण सौ. स्वयंपाकघरातून आली. तिने माईक उचलला आणि आवाज जराही न चढवता, वाचनालयात बोलते तशी बोलली: "हे सगळं आज दुकानात परत करून या. आणि माझं भाषण ऐकायचं असेल, तर शेवटच्या रांगेत जे कोण बसलं होतं त्यांना विचारा."
खालून वकिलांचा आवाज आला, मला विचारा!
ध्वनी निर्दोष होता. शब्द न् शब्द कळला.