अंगठ्याचं नख

२९ ऑक्टोबर, मंगळवार
सात. सिस्टरने दाखवलं तसं प्रगतीच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं आणि मोजलं — सातला लाल आलं. चांगल्या पायाचं दोनला येतं. रोज मोजून तारखेसकट लिहायचं म्हणे. वही त्यासाठीच आणली. अक्षर चौथीपर्यंतचं. असू दे, वाचणारं कोण आहे!

लिहायचंच तर सगळं लिहिते. परवा भातकापणीत माझ्या सुनेला, प्रगतीला, साप चावला. मी भाऱ्याचा बंध घेतला आणि तिची पोटरी आवळली. माझा भारा खळ्यापर्यंत कधी सुटत नाही, तशीच गाठ. ती म्हणत होती, "आई, सैल करा, पाय बधिर होतोय." मी म्हटलं, गप्प बस, विष चढेल. सायवनहून गाडी मिळून डहाणूला पोचेपर्यंत तीन तास गेले. शेजारच्या जिव्याने सापाचा फोटो काढला होता. डॉक्टरने बघितला — धामण. विष नाहीच. पाय निळा झाला तो दोरीने. कोणी बांधली, म्हणून तो ओरडला. माझा तुषार म्हणाला, जिव्याकाकाने. जिव्या जमिनीकडे बघत राहिला.

मीही.

बोटं राहतात की कापावी लागतात, ते आठवडाभर बघून ठरणार.

३० ऑक्टोबर
सात. डॉक्टरला गाठलं. गाठ कापल्यावर पाय आधी लालबुंद झाला, चांगल्या पायापेक्षा लाल — ते का? त्याने कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. मोठी नस, तिला बारीक फांद्या, शेवटी केसाहून बारीक. त्या बारक्यांची तोंडं उघडतात, मिटतात. उपाशी मांसाने रक्त मागितलं, सगळी तोंडं एकदम उघडली. मग सूज आली आणि काही चेपली.

म्हटलं, आमच्या खाचरासारखंच. बांधाचं तोंड फोडलं की पाणी, चिखल लावला की बंद. पण मग फावडं कोणाच्या हातात?

"मांसाच्याच," तो म्हणाला. "ज्याला हवं तोच उघडतो."

खरं वाटत नाही.

३१ ऑक्टोबर
सहा. करून बघितलं. बोटाला दोरा आवळला, शंभर मोजले. बोट जांभळं. सोडलं — बाकीच्या बोटांपेक्षा लाल, आणि गरम! मी तर कोणाला हुकूम दिला नव्हता. प्रगती बघत होती. म्हणाली, "माझ्यावर करून हौस फिटली नाही का आई?"

तोंडाळ आहे. बरं वाटलं.

१ नोव्हेंबर
सहाच. दिवाळी. पाय गार लागला म्हणून चहाच्या टपरीवरून वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आणली. सिस्टर धावत आली. पायाला कळत नाही, भाजून निघेल, म्हणाली. वीट काढून घेतली. एकदा आवळला, आता भाजायला निघाले होते.

३ नोव्हेंबर
चार! करंगळी काळीच आहे, बाकी बोटं कोमट. आता मी दिसेल त्याचं नख दाबते. बाजूच्या खाटेवरची रखमी — दोन. वॉर्डातला मामा — तीन, आणि वैतागला. सकाळी थंड पाण्यात लुगडी धुतली नि माझं बघितलं — पाच! घाबरून डॉक्टरकडे गेले. तो म्हणे, गार लागलं की कातडीची तोंडं मिटतात, आतली ऊब जाऊ नये म्हणून. एवढा कारभार आत चालतो आणि पन्नास वर्षांत मला पत्ता नाही.

५ नोव्हेंबर
चार. जिव्याची बायको जानी केळी घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, पाड्यावर पोरं जिव्याला "फास्या" म्हणून हाका मारतात. तो घरातून निघत नाही. त्याची कापणी पडून आहे.

केळी तशीच पिशवीत ठेवली. प्रगतीने माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलली. तिला ठाऊक आहे. तिचाच पाय.

७ नोव्हेंबर
तीन. करंगळीचं टोक जाणार. पाय राहिला. चार बोटं राहिली. डॉक्टरने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विचारलं तर चिडला.

पाय राहिला, मग आता कशाला सांगायचं — असं मनात आलं. आलं ते लिहिते. लाज वाटली.

उद्या तुषारला सांगणार.

८ नोव्हेंबर
दोन.

तुषारला सांगितलं. तो म्हणाला, "आई, गाठ बघितली तेव्हाच कळलं. जिव्याकाकाचा भारा खळ्यापर्यंत कधी टिकलाय?"

मग जिव्याचं नाव का घेतलंस, म्हटलं. जे तोंडाला आलं ते बोललो, म्हणाला. जिव्याला कोणी अंगावर घे म्हणून सांगितलंच नव्हतं. त्याने आपणहून मान खाली घातली.

दुपारच्या गाडीने पाड्यावर चालले, गाठ माझी होती ते सगळ्यांना सांगायला. आधी त्याचं भात कापायचं. भारे तोच बांधेल.