पाक कच्चा राहिला

आरोंदा, १९५८

मुंबईहून पाठवलेल्या तुझ्या काजूच्या चिक्कीनं माझा उरलासुरला दात हलवला, हे आधी सांगते.

चि. सौ. सुगंधास आजीचे आशीर्वाद. बापाला न विचारता लग्न केलंस म्हणून तो तुझ्या नावाआधी 'सौ.' लावत नाही. मी लावते.

गुळाचा पाक घाईनं उतरवलास गो. थेंब गार पाण्यात टाकून बघावा. टक्कन मोडला तरच काजू घालावेत, वाकला तर चुलीवर राहू द्यावा.

"तिचो डबो घरात नको," म्हणाला तुझा बापूस. सकाळी त्याच्याच मिशीला गूळ चिकटला होता.

हे पत्र पेटीत टाकायला त्याच्याकडेच देणार. वाचल्याशिवाय तो टाकायचा नाही. तर गुरुदासा, वाचलंस ना? हे ठेव तुझ्याकडेच. डब्याचं उत्तर तू लिही, आणि 'सौ.' लावून लिही.

तुझी आई,
काशीबाई