डॉक्टरांचे हात खिशात होते

मंगळ. १२ मार्च २०२४, दुपारी ३.१०
वेळ समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातली. लिहितेय दुसऱ्या दिवशी, काल पेन धरवत नव्हतं. भूल उतरत होती. डोळे उघडायचे, मिटायचे. खाटेच्या पायाशी मुलगा समीर आणि सर्जन. सर्जनचे दोन्ही हात खिशात. म्हणत होते, गाठ सगळी काढता आली नाही, लिव्हरपर्यंत गेलीय. समीर म्हणाला, आईला सांगू नका. माझ्याच पोटाबद्दल, माझ्याच पायाशी! जीभ लाकडासारखी. मग पुन्हा अंधार.

बुध. १३
समीरला सरळ विचारलं. म्हणे, "सगळी निघाली, आई. भुलीत काहीबाही ऐकू येतं." सूनबाई नेहा पेज ढवळत राहिली. पेजेला चव नव्हती, उत्तरालाही नव्हती. सर्जन राउंडला आले. रिपोर्ट आला की म्हणे फॅमिलीशी बोलतील. मग खाटेवर पडलीय ती कोण, फॅमिलीची शेजारीण?

शुक्र. १५
डिस्चार्ज. क्वीन्सटाउनला माझ्या घरी नाही, बुओना व्हिस्टाला, समीरच्या काँडो-फ्लॅटमध्ये. "एकटी नको." आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, तर नेहा "हो आई" म्हणाली. भांडली नाही. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पुण्याहून मंजू येतेय. लेक महिनाभराची रजा काढून येतेय, आणि म्हणे सहजच.

शनि. १६
जेवताना नात ईरा इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, यू सो फिअर्स, ला!" भूल उतरताना मी म्हणे सर्जनना दरडावलं, बोलताना हात खिशातून काढा. आणि त्यांनी काढले, शाळेतल्या मुलासारखे. ईराला हे कुणी सांगितलं? बाबाने. नेहा हसली. समीर पाण्याचा ग्लास घेऊन आत गेला.
दरडावल्याचं मला आठवत नाही. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी अंगात भिनवलेलं, तोंडातून गेलं असेल. हात मात्र आठवतात. म्हणजे डोळे उघडे होते. आणि कान?

रवि. १७
सकाळी समीरला गाठलं. म्हटलं, हात खरे आणि शब्द तेवढे भुलीतले?
म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून, आई."
"त्रास माझ्या पोटात आहे. तो तुझी परवानगी मागून थांबणार आहे का?"
रडायला लागला. शेवटी मीच त्याची पाठ थोपटली, टाके सांभाळत. दुखणं माझं, समजूतही मीच घालायची.
म्हणून आता तोंडी नको. लेखी हवं. कुठवर पसरलंय, किती काळ आहे, पुढे काय करणार, आणि मी नको म्हटलं तर चालेल का. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, पण पूर्ण वाक्यांत. बुधवार, २० तारीख, संध्याकाळी सहाच्या आत. नाहीतर गुरुवारी टाक्यांसकट एमआरटी ट्रेनमध्ये बसून मी सर्जनकडे जाणार. हे सगळं त्याला सांगितलं, कोरा कागद आणि माझं पेन त्याच्या टेबलावर ठेवलं.
मंजूचं विमान बुधवारी रात्री उतरतं. मला त्याआधी कळायला हवं. तिच्या चेहऱ्यावर वाचायचं नाही मला.