साय आणि डाळीचे पीठ

न्युरेम्बर्ग, ता. २ मार्च १९५९

ती. सौ. कुसुमताईस सरलाचा सा. न. वि. वि.

गिझेला घरी येऊन चार महिने झाले. सहा वर्षांची पोर. बाप अमेरिकन पलटणीतला काळा शिपाई, तो मायदेशी गेला. आईने हिला अनाथाश्रमात ठेवले. एप्रिलात युगेन्डाम्टची, म्हणजे मुलांच्या सरकारी खात्याची, बाई येऊन ठरवणार, ही आमच्याकडे राहायची की आश्रमात परत जायची.

शाळेत पोरी तिचा हात धरत नाहीत. केसांत फणी शिरत नाही, दोन मोडल्या. ती रडते, मग मीही. दत्तापुढे दिवा लावताना शेजारी बसते, तेवढीच शांतता. थकले ग. काही उपाय सुचव.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सरला

सांगली, ता. १४ मार्च १९५९

चि. सौ. सरला हीस अनेक आशीर्वाद.

उपाय घरातच आहे. रोज साय आणि डाळीचे पीठ चोळ, चिमूटभर हळद घालून. तू तरी कुठे गोरी होतीस? लग्नाआधी आईने महिनाभर चोळली तेव्हा कुठे आत्मारामराव तुला भुलले. पोर उजळली की पोरी हात धरतील. केसांना तेल थापून घट्ट वेणी घाल. फोटो पाठव, उजळल्यावर.

स्वतःच्या जेवणाची हेळसांड नको. लोभ आहेच.

कुसुम

न्युरेम्बर्ग, ता. २६ एप्रिल १९५९

ती. सौ. कुसुमताईस सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. तीन आठवडे चोळले. मग एका सकाळी गिझेला मोरीत भांड्यांच्या ब्रशने हात घासताना दिसली, रक्त येईतो. म्हणाली, बाई यायच्या आत गोरी व्हायचे आहे, म्हणजे तू मला परत पाठवणार नाहीस.

साय मीच चोळत होते ना.

हे म्हणाले, मला भुलायला पीठ लागले नव्हते, तुम्हा बहिणींनाच तसे वाटते. मग मी पोरीला घेऊन अमेरिकन पलटणीतल्या एका काळ्या सार्जंटच्या बायकोकडे गेले. तिने केस ओले करून, तेल लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून विंचरायला शिकवले. पोर तिच्या मांडीवर झोपली. आता दर रविवारी जातो.

बाई आली. पोरीला लांब बाह्यांचा झगा घालायचे मनात आले होते, पण घातला नाही. खपल्या दाखवल्या, दोष माझा म्हटले. तिने सगळे लिहून घेतले. निकाल सहा महिन्यांनी.

रोज तिला सांगते, तू काळी आहेस, काळीच छान आहेस, आणि इथेच राहणार आहेस. पहिल्या दोन्हींवर आता मान हलवते. तिसऱ्यावर नुसती बघते.

राग नाही. उपाय मात्र पुन्हा कळवू नकोस. कळवायचे तर तिला आशीर्वाद कळव.

सरला