नकाशात न दिसलेली खाट

गुडगाव

प्रिय आत्या,

फोनवर तू विनायककाकांकडे मजेत असल्याचं सांगतेस आणि 'चलो, ठेवते' म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसलो. सांगलीत तू असशीलही मजेत. मी नाही.

गेल्या रविवारी दिल्लीला आर. के. पुरमच्या आपल्या सरकारी क्वार्टरच्या किल्ल्या परत करायला गेलो होतो. शेजारच्या सुमित्रामावशींकडे चहाला टेकलो तर समोर तुझी खाट. तू रिटायर झालीस की ती आमच्या नव्या फ्लॅटमध्ये यायची होती, तुझ्यासकट. मावशींनी मग सगळं सांगितलं. नव्या फ्लॅटचा जो नकाशा मी काढून घरी आणला होता, त्यात तू प्रत्येकाच्या पलंगावर बोट ठेवून पाहिलंस, तुझी खाट कुठेच दिसली नाही, आणि कुणाला अडचण नको म्हणून सांगलीचं तिकीट काढलंस. मला मात्र नकाशा छान झालाय म्हणालीस, वर शिरा केलास. तो मी मागून मागून खाल्ला.

आत्या, खाट नकाशात होती. छोट्या खोलीत ती आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल एकमेकांवर येत होतं, रेघांचा नुसता गुंता. अशा वेळी कॉम्प्युटरवर वरच्या वस्तूमागे एक पांढरा तुकडा ठेवतात. खालच्या रेघा पुसल्या जात नाहीत, फक्त दिसत नाहीत. ऑफिसातल्या नकाशांत सोफ्याखालची फरशी मी रोज अशीच झाकतो. पण फरशी सोफ्याखाली जाते, खाट टेबलाखाली जात नाही, हे मला कळत नव्हतं थोडंच? खाट लांब, तिचा पायथा बाहेर डोकावत होता, तर मी तुकडा ओढून मोठा केला. तुझ्या सुनेचा, लताचा दोष नाही. तिने विचारलं होतं, आत्यांची खाट कुठे? मी म्हटलं, बसवू कुठेतरी. तुझ्या बाबतीत मी नेहमी असंच म्हणत आलो, याची फार लाज वाटते.

आईबाबांनी मला तुझ्याकडे शिकायला ठेवलं तेव्हा माझा ड्रॉइंग बोर्ड क्वार्टरमधल्या टेबलावर मावेना. तो तू तुझ्या खाटेवर ठेवू दिलास आणि पॉलिटेक्निक संपेपर्यंत खाली सतरंजीवर झोपलीस, दिल्लीच्या थंडीत. कंबर धरली की म्हणायचीस, हा सरकारी खुर्चीचा प्रसाद. मी ते खरं मानलं, सोयीचं होतं ना.

आज लिहितोय ते एवढ्याचसाठी. टेबल हॉलमध्ये गेलंय. मावशींकडून खाट टेम्पोत घालून आणलीय. नवा नकाशा मुद्दाम पाठवत नाही, माझे नकाशे तुला ठाऊक झालेत. शनिवारी तुला घ्यायला सांगलीला येतोय. नाही म्हणालीस तर ऐकून घेईन, तो तुझा हक्क. खाट खिडकीखाली लावलीय. काल लेक तिच्यावर दप्तर टाकायला गेली, तर मी ओरडलोच. त्या खाटेवर मी कुणाला काही ठेवू देत नाही.

तुझाच,
जयंत