सोमवार-गुरुवारच्या बाई

६ जानेवारी २०२५, सोमवार

पोरींनी माझं नाव ठेवलंय — सोमवार-गुरुवारच्या बाई. ठेवणारी रिंकू. दुसरं कोण!

काय चुकीचं आहे त्यात? मुलामुलींच्या तीन निवासी शाळा, नर्स मी एकटी. सोमवारी-गुरुवारी ही मुलींची शाळा, मंगळवारी-शुक्रवारी दुसरी, बुधवारी-शनिवारी ती आतली, जंगलातली. बाकीच्या दोघी नर्सची कंत्राटं संपली तेव्हा प्रकल्प कार्यालयातले साहेब म्हणाले होते, "सत्यशीलाबाई, तात्पुरतं सांभाळा." ते तात्पुरतं अजून चालूच आहे.

रिंकू आठवीत. सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. बाप इस्तारी, अहेरीकडच्या नदीकाठचा, मासे धरणारा ढिवर. पळता येत नाही, खो-खोत घेत नाहीत, पण आवाज असा की परिपाठाला बातम्या तीच वाचते. आज गोळी घेताना विचारते, "बाई, मंगळवारी दुखलं तं कोणाले सांगू?"

रोशनीताईला सांग म्हटलं. रोशनी म्हणजे इथली गृहपाल, पंचविशीची पोर.

थंडी वाढली आहे. पाणी तापवायचं सोलर बंद. पोरी सकाळी बोअरच्या गार पाण्यानं आंघोळ करतात. रोशनीला म्हटलं, रिंकूला गरम पाणी दे. "एकटीले दिलं की बाकीच्या बोलतात बाई." बोलू देत म्हटलं. या आजाराला थंडी सोसत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

रोशनीला पुन्हा बसवून समजावलं. हातपाय दुखले तर ऊब, पाणी, गोळी. पण ताप आला, छातीत दुखलं, दम लागला तर माझी वाट बघायची नाही, थेट दवाखाना. तिनं ऐकून घेतलं. पण ऐकता ऐकता कोणी कोठीची किल्ली मागत होतं, कोणाची पेटी उघडत नव्हती. तिच्या डोक्यात किती राहिलं असेल?

मुख्याध्यापिका नीलाबाईंना विचारलं, पूर्णवेळ नर्सचं काय झालं. "वर कळवलं आहे." मग स्वतःच म्हणाल्या, "आपण कळवतो, ते वाचतात. पुढं काही होत नाही."

११ जानेवारी, शनिवार

आतल्या शाळेत दिवसभर खरजेचं मलम लावलं. हाताचा वास अजून जात नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

काल बुधवार. मी आतल्या शाळेत होते. तिथं मोबाईलला रेंज नाही. संध्याकाळी परत निघाले, टेकडीवर गाडी आली आणि फोन वाजतच राहिला. सगळे रोशनीचे.

झालं ते असं. सकाळी रिंकूनं पाय दुखतात म्हणून सांगितलं. रोशनीनं पांघरूण दिलं, गोळी दिली. मी सांगितलं होतं तसंच केलं तिनं. दुपारी अंग तापलं. रिंकू म्हणाली छातीत दुखते. रोशनीला आठवलं मी काय बोलले होते ते. पण तिला वाटलं, बाईंना एकदा विचारावं आणि मगच न्यावं. चुकलं तर? ती फोन लावत राहिली. मी लागत नव्हते. मग नीलाबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी गावातल्या एकाच्या जीपमधून नेलं.

मी सरळ दवाखान्यातच गेले. पोरगी दोन श्वासांच्या मध्ये कण्हत होती. ओठ काळसर. मला ओळखलं. म्हणाली, "बाई, हाडात कोणी चावून राह्यलं." डॉक्टरांनी ऑक्सिजन लावूनच गडचिरोलीला पाठवलं. मी सोबत बसले. वाटेत तिनं माझा हात सोडला नाही. पुढं पुढं तिची पकड सैल झाली तेव्हा मीच तिचा हात घट्ट धरला.

रोशनी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "बाई, मी लवकर नेलं असतं तं?" निघायची घाई, मी तशीच गाडीत चढले. बोलायला हवं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

रक्त चढवलं. ताप आहे. रिंकूची आई गिरजा पोचली. पदराची गाठ सोडते, बांधते. डॉक्टर काय म्हणाले ते मला परत परत विचारते. मी परत परत सांगते.

१९ जानेवारी, रविवार

ताप उतरला. रिंकूनं पेज मागितली! गिरजा तोंड फिरवून रडली. मीही बाहेर जाऊन आले.

२० जानेवारी, सोमवार

शाळेत गेले तर पोरींची रांग. कोणाचं डोकं, कोणाचं पोट. खरं दुखणं थोडंच होतं, भीती जास्त. रोशनीला बाजूला घेऊन सांगितलं — तुझी चूक नाही. निर्णय घ्यायचं शिक्षण तुला कोणी दिलं? तिनं मान हलवली. पटलेलं दिसलं नाही.

नीलाबाईंनी बोलावलं. "इस्तारी गुरुवारी येणार आहे. पोरीचं नाव काढायचं म्हणतो. तुमचं ऐकेल तो. समजावून सांगा, इथं सगळी काळजी घेतो आपण." वाईट नाहीत त्या. पट कमी झाला तर शाळाच दुसरीकडं जोडतील, ही भीती त्यांना कायमची आहे. मग पोरी कुठं जातील? तेही खरंच.

२३ जानेवारी, गुरुवार

इस्तारी आला. उंच, वाळका माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही. नीलाबाई समोरच होत्या.

मी सगळं सांगितलं. आजार काय आहे, पुढं काय जपायचं, औषध कधी चुकवायचं नाही. तो शांत ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, मले दवाईचं समजलं. एकच सांगा. तुमची पोरगी असती तं तुमी इथी ठेवली असती का?"

नीलाबाई माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "सोमवारी अन् गुरुवारी ठेवली असती भाऊ. बाकीच्या दिवशी नसती ठेवली."

तोंडातून गेलं ते गेलं. इस्तारीनं हात जोडले. "खरं बोलल्या. बस." रिंकूची पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागला.

नीलाबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला पश्चात्ताप होतो का? होतो. पण पुन्हा विचारलं तरी दुसरं काही सांगता येणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला पालक येतात, तसे आज आले. माझं वाक्य माझ्याआधी गावोगाव पोचलेलं! लेझीम झाली, बुंदी वाटली आणि एकेक बाप उठून नीलाबाईंपुढं उभा राहू लागला. "पोरगी घेऊन जातो बाई. नर्स आली की आणतो." भांडण नाही, आरडाओरडा नाही. पेट्या बाहेर येत होत्या. काही पोरी खूश, सुट्टी मिळाली म्हणून. नववीतली हर्षा मात्र खांब धरून उभी राहिली. जात नाही म्हणाली. बापानं तिचा हात हळूच सोडवला.

दुपारपर्यंत अर्धं वसतिगृह रिकामं.

२८ जानेवारी, मंगळवार

साहेबांनी माझ्याकडं खुलासा मागितला आहे. पालकांमध्ये भीती का पसरवली. काय लिहू? लिहिलं — जे विचारलं त्याचं उत्तर दिलं.

आईला वरोऱ्याला फोन केला. नोकरी जाईल कदाचित, म्हटलं. ती म्हणाली, "खोटं बोलून टिकवली असती तं मले सांगितलं असतंस का?"

३० जानेवारी, गुरुवार

वाईट बातमी. घरी गेलेल्या पोरींपैकी काही जणी आईबापासोबत तेलंगणात गेल्या, मिरची तोडायला. हर्षापण. आता मिरची संपेपर्यंत परत येत नाहीत. आल्या तरी शाळेत येतील याचा काय भरवसा?

म्हणजे मी काय केलं? नीलाबाईंनी टोमणा मारला नाही. नुसतं सांगितलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही. रिंकूच्या गावी गेले. ती अंगणात उन्हात बसलेली, अंगावर चादर. पलीकडं गिरजा सूपभर मासे वाळत घालत होती. रिंकू सुकली आहे, पण डोळे पहिल्यासारखे. पहिला प्रश्न — "बाई, आता परिपाठाले बातम्या कोण वाचते?"

कोणी तरी वाचते म्हटलं. "तिचा आवाज मागपर्यंत जाते का?" नाही जात, म्हटलं. समाधान झालं तिचं.

इस्तारी जाळं खांद्यावर टाकून आला. म्हणाला, मंगळवारी आम्ही सगळे साहेबाकडं जाणार. मी त्याला हर्षाचं सांगितलं, मिरचीचं सांगितलं. माझ्यामुळं झालं म्हटलं. तो जाळं उलगडत म्हणाला, "तुमच्यामुळं काऊन? नर्स तुमी काढली का?"

परत येताना ते वाक्य धरून आले. तरी हर्षाचा खांबाला धरलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल पालक कार्यालयात गेले. मी नव्हते, माझी पाळी दुसऱ्या शाळेत. आज संध्याकाळी परतताना इथं डोकावले, तेव्हा रोशनीनं सांगितलं. बाया पुढं होत्या, गिरजा सगळ्यांत पुढं. कधी मान वर करून बोलत नाही ती बाई! साहेब म्हणाले, मागणी वर पाठवतो. गिरजा म्हणाली, "आमी इथीच बसतो साहेब. आमाले नर्स द्या, तुमाले पोरी देतो." आणि बसल्या. भाकरी बांधूनच आणल्या होत्या.

रोशनी सांगत होती आणि तिचे डोळे चमकत होते. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा नीट जेवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आदेश आला. पूर्णवेळ नर्स, याच शाळेला. आणि ती मी! खुलाशाचं कोणी नावसुद्धा काढत नाही. साहेबांना फोन करून विचारलं, बाकी दोन शाळांचं काय? "त्यांचीही सोय होते आहे, तुम्ही निश्चिंत राहा." निश्चिंत झाले.

सोलर दुरुस्त करायला माणूस आला. शेवटच्या खोलीत माझी खाट टाकली. पोरी परत येताहेत, पेट्या आत जाताहेत. हर्षा नाही आली. रिंकू आली. बापाच्या मागं मागं, स्वेटर घालून. दारातूनच ओरडली, "बाई, आता तुमाले काय म्हणू?"

नीलाबाईंनी चहा पाठवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार आणि मी इथं. रिंकूनं बातम्या वाचल्या. आवाज मागपर्यंत गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी आतल्या शाळेच्या देवाजी मास्तरांचा फोन. टेकडीवर चढून केलेला, धापा टाकत होते. "बाई, कुठी राह्यल्या? पोरं सकाळपासून रांगेत बसले हायेत. एकाले ताप हाये, उतरून नाई राह्यला."

आता बुधवारी कोणीच येणार नाही, हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मी कळवलं.