रेवदंड्याला व्हॅन लावली तेव्हा

पाली,
३ डिसेंबर २०२४

चि. विनेश,

ताईचे आशीर्वाद. तू, पूर्वी आणि छोटी खुशाल असाल. इथे भात घरात आलं, थंडीही पडली. बाबांची तब्येत तशी ठीक आहे. जेवतात.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बाबा शेजारी असतात, आणि तुझी मीटिंग निघते. म्हणून लिहिते.

मे महिन्यात तू गाडीत राहणाऱ्या लोकांचा व्हिडिओ पाठवला होतास, 'ताई, तूपण फिर' म्हणून. तू गंमत केलीस, मी मनावर घेतलं. तुझी जुनी व्हॅन अंगणात नुसती उभीच होती. मागची सीट काढली, सुताराकडून फळी बसवून घेतली, वर आईची गादी टाकली, खिडक्यांना जाळी शिवली. बाबा घरात सारख्या येरझारा घालतात, दाराची कडी वाजवत राहतात. गाडी सुरू झाली की मात्र शांत बसतात. सगळा जन्म एसटी चालवण्यात गेलेला माणूस. म्हटलं, एक रात्र गाडीतच काढून बघू.

शनिवारी निघालो. रोह्यावरून साळावच्या पुलाने रेवदंड्याला. वाळूत गाडी घालायची नाही, चाकं रुततात, एवढं ऐकून होते. सत्यवतीबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या नारळाच्या वाडीत जागा मिळाली. मी सावली बघून झाडाखाली लावत होते, तर त्या म्हणाल्या, मोकळ्यावर घे, नारळ पडला तर टप जाईल. स्टोव्ह बाहेर पेटवून भात आणि जवळ्याची चटणी केली. बाबांनी परत वाढून घेतलं. खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपलो. ते रात्रभर उठले नाहीत. मीही नाही. असं किती महिन्यांनी झालं, ते नको विचारूस.

इथेच पत्र संपवणार होते. दोनदा पेन खाली ठेवलं. पण पुढचंही तुला कळायला हवं.

सकाळी मी पाणी भरायला विहिरीवर गेले. वळून बघते तर बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, सगळी दारं आतून बंद, काचा वर. किल्ली आत लावलेली. दुसरी किल्ली पालीला. मी काच वाजवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

ऊन गाडीवर आलं होतं. त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. सत्यवतीबाई दगड घेऊन आल्या, मागची काच फोडू म्हणाल्या. पण दचकून बाबांनी किल्ली फिरवली असती तर? समोरच विहिरीचा कठडा. मी बाईंना थांबवलं आणि काचेला तोंड लावून म्हटलं, "बाबा, मी मैना. दार उघडा."

"मैना घरी हाय. तू कोन?"

तोंडातून निघून गेलं, "मी कंडक्टर. गाडी कधी सोडायची?"

ते सरळ बसले. म्हणाले, "पालीला माझ्या घरात एक बाई हाय. मला बाहेर जाऊ देत न्हाय, कुलूप लावते. वाईट न्हाय ती. पन माझ्यासंगं तीबी कोंडली हाय. तिला आधी सोडवून येऊ."

सत्यवतीबाईंनी हातातला दगड हळूच खाली ठेवला. मी काचेशी वाकून म्हटलं, "मग कंडक्टरला टाकून कसे जाल?" ते त्यांना पटलं. वाकून त्यांनी डावीकडचं दार उघडलं. मी आत बसले, आधी किल्ली काढून घेतली, काचा खाली केल्या, त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "मैना, किती उशीर केलास."

विनेश, मी आतून कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात ठेवते. नाहीतर ते रस्त्यावर जातात. अंघोळीलासुद्धा दार लोटूनच घेते. रोह्याची नोकरी सोडली तेव्हा तू विचारलंस, आणि मी म्हटलं, घरीच बरं वाटतं. तुला ते ऐकायला सोपं गेलं, मला सांगायला. बाबा मला धड ओळखत नाहीत, पण मी कोंडले आहे एवढं मात्र त्यांना दिसलं.

जानेवारीत तू ये. दोन दिवस राहून जायला नाही, बाबांना तुझ्याकडे बडोद्याला घेऊन जायला. पावसाळ्यापर्यंत. बायको म्हणून पूर्वीच्या गळ्यात घालायचं नाही, तू करायचंस. त्यांना भरवावं लागत नाही, पण त्यांच्यावरून नजर हलवता येत नाही. संध्याकाळी गाडीतून फिरव, मग झोपतात. रोह्याच्या कंपनीत मी विचारलं आहे, ते मला परत घेतील. जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी इथे दुसरी सोय बघेन. एकटीने मात्र यापुढे करणार नाही.

व्हॅन परत मागू नकोस. बाबा तुझ्याकडे गेले की पहिल्या रविवारी मी एकटीच निघणार आहे. कुठे, ते ठरवलेलं नाही.

एरवी मी शेवटी 'घाई नाही, सवडीने ये' असं लिहिते. या वेळी ते लिहीत नाही.

तुझी,
मैनाताई